एक रकाना कमी

पत्र दोन ओळींचं होतं:
हा इंडक्टर यापुढे आम्ही बनवणार नाही.
शेवटची मागणी मार्चअखेर नोंदवावी.
खाली सही नाही, नुसता विभागाचा नंबर.

औलूच्या कचेरीत हेल्काने तो चिमट्याने उचलला,
भिंगाखाली धरला. राखाडी, चौकोनी,
फुगलेल्या साबुदाण्याहून मोठा नाही.
अकरा वर्षं हाच
रेनडिअरच्या गळ्यातल्या पट्ट्यात बसून
बॅटरीकडची वीज घोट घोट घेऊन
रेडिओला पाजत होता.
कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं,
आन्तेला तर नाहीच, ज्याची जनावरं
इनारीच्या पलीकडे बर्फात पांगलेली असतात.

मग स्थळं पाहावीत तशी पानं चाळणं.
दोन पूर्णांक दोन मायक्रोहेन्री: जुळलं.
उंची तीच, झाकण बसेल.
रोध तर याचा कमीच, आणि किंमत निम्मी.
संपृक्तता अडीच अँपिअर.
इथे ती थांबली. अडीच म्हणजे कुठवर?
जुना म्हणत होता, वीस टक्के ढळेन तेव्हा.
नव्याने तळटीपेत, बारीक अक्षरात,
तीस टक्के ढळल्यावर.
आकडा एक, शपथ वेगळी.

रेडिओ बोलतो तेव्हा दीडच लागतात,
चालेल, ती स्वतःशी म्हणाली,
आणि तरी रात्री बोर्ड बाल्कनीत ठेवला,
उणे अठ्ठावीसमध्ये, बुटांच्या खोक्यात,
वायर दाराच्या फटीतून आत, नवरा गारठून कुरकुरतोय.
शनिवारी तोच बोर्ड सौनाच्या वरच्या फळीवर,
कारण फेराइटला खरी धास्ती उन्हाची.
स्कोपवरचे त्रिकोण सरळ राहिले.
एकाचंही टोक वर उडालं नाही.
चाळीस पट्टे उत्तरेला गेले.

तेराव्या दिवशी आन्तेचा फोन.
तो तक्रार करत नाही, फक्त सांगतो.
"नव्या पट्ट्याच्या माद्या चरता चरता थांबतात.
मान झटकतात, कानावर माशी बसावी तशा.
फेब्रुवारीत माशी कुठली?"

सात तास गाडी, पुढे स्नोमोबाइल.
कुंपणात हेल्काने टोपी काढली, कान उघडे टाकले.
काही नाही. चालताना त्यांच्या पायातली शीर
टिकटिकते, तेवढीच.
"वाजतंय की," आन्तेची बिरेत म्हणाली, वय नऊ,
"शिट्टीसारखं. आत्ता. आता थांबलं. परत."
हेल्का चौपन्नची. तिने मान हलवली,
ऐकू आल्यासारखी.

जुन्यात तार लोखंडाच्या भुकटीत दाबून पुरलेली,
हलायला जागाच नव्हती.
नव्यात ती डमरूवर गुंडाळलेली, उघडी.
काम थोडं असलं की सर्किट
जरा चालतं, जरा थांबतं,
सेकंदाला चौदा हजार वेळा,
आणि डमरू ते डमरूच.
पान तिने तिथेच, हातमोजे काढून, पुन्हा वाचलं.
सगळं खरं लिहिलं होतं.
फक्त कानाचा रकाना नव्हता.

तिसरा सापडला तो भुकटीत पुरलेला,
मुका, महाग, रोध जरा जास्त.
"बॅटरी अकरा दिवस आधी संपेल," ती म्हणाली.
"किती दिवसांतले अकरा?"
"तीन वर्षांतले."
आन्तेने एका मादीच्या कानामागचा बर्फ झाडला.
उत्तर दिलं नाही. कॉफी ओतली.

चाचण्यांच्या यादीत आता
थंडी, उष्णता, पडझड, ओल यांच्याखाली
हेल्काच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे:
बिरेतला ऐकवणे.
गुणवत्ता विभागाने शेजारी पेन्सिलीने विचारलंय,
ही कुठली प्रयोगशाळा?